घाटाचा माथा

अर्ज अगदी साधा आहे. खिंडीचं नाव, तिची उंची, देश, प्रदेश. चढायला किती वेळ लागला, सरासरी वेग काय होता, सायकल कुठल्या बनावटीची, यांतलं काहीच विचारत नाहीत. फोटो मागत नाहीत. जीपीएसची फाइल किंवा स्ट्राव्हाची नोंदही मागत नाहीत. पुण्यातल्या माझ्या सायकलवाल्या मित्रांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी एकदमच विचारलं, "मग कुणीही काहीही भरेल की!"

भरेल. क्लबलाही ते ठाऊक असणारच. तरी पन्नासहून जास्त वर्षं हा कारभार माणसाच्या शब्दावर चालला आहे.

१९७२ साली फ्रान्समधल्या आनसीच्या ज्यां पेर्दू नावाच्या सायकलस्वाराने 'क्लब दे सां कोल' सुरू केला. सां कोल म्हणजे शंभर खिंडी. अट अशी, की स्वतःच्या आनंदासाठी, स्पर्धेची भावना न ठेवता, सायकलने निदान शंभर वेगवेगळ्या खिंडी ओलांडलेल्या असाव्यात, आणि त्यांतल्या निदान पाच दोन हजार मीटरांहून उंच असाव्यात. एकच खिंड पन्नास वेळा चढलात तरी ती एकच. सायकल खांद्यावर घेऊन खेचरवाटेने गेलात तरी चालतं, सायकल बरोबर हवी म्हणजे झालं. खिंड जगात कुठेही असू दे, पण तिला नाव हवं, आणि ते नकाशावर किंवा जागेवरच्या पाटीवर असायला हवं. स्पर्धा नको म्हणणारा हाच क्लब कुणाच्या नावावर किती खिंडी आहेत याची यादीही छापतो. यात फ्रेंचांना काही विसंगत वाटत नाही.

मला हे सगळं कळलं ते ग्रनोब्लमध्ये. नोकरीनिमित्त मी तिथे नऊ वर्षं राहिलो. शेजारी एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी राहत. नऊ वर्षांत आम्ही एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत आलो, पण दर रविवारी सकाळी सात वाजता तिघंही खाली सायकली घेऊन उभे असायचो. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक वही टांगलेली होती. डाव्या पानावर त्यांच्या खिंडी, उजव्या पानावर बाईंच्या. बाईंच्या बारा जास्त होत्या. मी कारण विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "त्यांचा गुडघा बिघडला होता तेव्हा मी एकटी जात होते." ते गृहस्थ ऐकू न आल्यासारखं करून पाव कापत राहिले.

माझ्या पहिल्याच रविवारी आम्ही शार्त्रजच्या डोंगरातल्या कोल द पोर्तला गेलो. उंची १३२६ मीटर. शहरातून सरळ चढ. मी तिथे पोचलो तेव्हा दोघांचा कॉफीचा दुसरा पेला चालू होता. वर एक पाटी होती, नाव आणि उंची. तिच्याखाली मला उभं करून फोटो काढला गेला आणि वहीत माझ्यासाठी एक नवं पान उघडलं गेलं.

फ्रान्समधली खिंड म्हणजे काय, हे त्या पाट्यांनी मला शिकवलं. एका खोऱ्यातून चढत यायचं, डोंगराच्या कण्यावरची सगळ्यांत सखल जागा गाठायची आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं. पाटी बरोबर त्या जागेवर असते. तिथे पोचलं की चढ संपतो, वारा वेगळ्या दिशेने लागतो, जाकिटाची चेन वर ओढायची वेळ होते. या व्याख्येमुळे गमतीजमती होतात. टूर द फ्रान्स पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक असलेला, एकवीस वळणांचा आल्प द्युएझचा चढ इथे शून्य, कारण तो एका गावाशी जाऊन थांबतो. वांतूचं शिखरही शून्य, कारण ते शिखर आहे. मात्र शिखराच्या जरा खाली कोल दे तांपेत, म्हणजे वादळांची खिंड आहे, ती चालते. आल्प द्युएझच्या मागे कोल द सारेन आहे. उंची १९९९ मीटर. दोन हजारांच्या वरच्या पाचांत ती बसत नाही. एका मीटरने! मी शेजाऱ्यांना म्हटलं, वर एक दगड ठेवू या. त्यांना तो विनोद अजिबात आवडला नाही. गालिबिएलाही तसंच. त्या रस्त्याला माथ्याखाली एक बोगदा आहे, २५५६ मीटरांवर. खिंड २६४२ वर. बोगद्याने गेलात तर डोंगर पार झाला, खिंड झाली नाही. ते शेवटचे शहाऐंशी मीटर पाय भरून आलेले असताना चढायचे, आणि ते चढले होते की नाही हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही.

मी भारतात परतलो तेव्हा माझ्या पानावर पंच्याण्णव नावं होती. गालिबिए, लोतारे, इझरां, क्रुआ द फेर आणि आन्येल या पाच दोन हजारांच्या वरच्या. निरोपाच्या दिवशी बाईंनी ते पान वहीतून नीट कापून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "पाच राहिल्यात. तुमच्याकडे डोंगर आहेत ना?"

डोंगर आहेत. पुण्याच्या माणसाला पाच घाट म्हणजे दोन आठवड्यांची गोष्ट, असं मलाही वाटलं होतं.

मित्रांनी कागदावर भराभर नावं लिहून दिली. बोरघाट, दिवेघाट, कात्रज, पसरणी, माळशेज. मी एकेक घेऊन बसलो आणि एकेक गळत गेला. बोरघाट खोपोलीकडून चढा. इंग्रजांनी १८३० मध्ये गाड्यांसाठी खुला केलेला, मुंबईला देशाशी जोडणारा हा रस्ता. चढ खडा, इतिहास मोठा. पण वर खंडाळा-लोणावळ्याला आल्यावर पलीकडे उतरायचं कुठे? पुढे तळेगाव, पुणे, सगळी सपाटी. दिवेघाट चढला की सासवडचं पठार. पसरणी चढली की पाचगणीचं टेबल. सह्याद्रीची घडणच अशी आहे. कोकणाच्या बाजूला तुटलेला कडा आणि देशाच्या बाजूला हळूहळू उतरत गेलेली जमीन. आल्प्समधली खिंड घोड्याच्या खोगिरासारखी असते, आपला घाट बऱ्याचदा जिन्यासारखा. जिना चढून माणूस माडीवर येतो. जुन्या कात्रजला दोन्हीकडे उतार आहे, पण माथ्यावर बोगदा. गालिबिएला जो नियम मी पाळला तो कात्रजला कसा सोडणार?

"बोरघाट धरत नाहीस? वेडा आहेस का तू?" एक मित्र चिडला. तो लडाखला जाऊन आलेला. त्याच्या टी-शर्टवर खार्दुंग ला आणि १८,३८० फूट असं छापलं आहे, कारण तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं तोच आकडा होता. मोजणीत खार्दुंग ला ५३५९ मीटर भरते, म्हणजे साधारण साडेसतरा हजार फूट. हे त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तिथे धाप लागते तेव्हा कळतं किती फूट ते." हेही खरं आहे. पण अर्जात उंचीचा रकाना आहे आणि धाप लिहायला रकाना नाही.

तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली, जी इतकी वर्षं डोळ्यांसमोर होती. आपल्या रस्त्यांवर 'घाट सुरू' अशी पाटी असते आणि 'घाट समाप्त' अशी असते. माथ्यावर पाटी नसते. फ्रेंच माणूस बिंदूला नाव देतो. आपण अख्ख्या चढाला, त्याच्या सगळ्या वळणांसकट, नाव देतो. बिंदूसाठी मराठीत खिंड हा शब्द आहे, पण खिंड म्हटलं की आपल्याला लढाई आठवते. पावनखिंड, उंबरखिंड. जिथे वाट अडवता येते ती खिंड, आणि जिथून बैलगाडी, मिठाची गोणी, वऱ्हाड जातं तो घाट. पुढे युरोपियांनी या वाटांचंच नाव सबंध डोंगररांगेला दिलं आणि आपण शाळेत 'पश्चिम घाट' पाठ केला.

मग मला नावांचाच नाद लागला. क्लबच्या फ्रेंच यादीत कोल आहेतच, शिवाय पा, पोर, ब्रेश, बेस, पिरेनीजमधली ऊर्केत, कॉर्सिकातली बोका आहे. आपल्याकडे हिमाचलात जोत, कुमाऊंत धुरा (उंटाधुरा), काश्मीरकडे गली (पीर की गली), तिबेटीत ला. ला म्हणजेच खिंड, त्यामुळे 'नथु ला पास' म्हणणं हे 'लिंबू लेमन' म्हणण्यासारखं आहे. केरळात वायनाडला चढणारा तामरश्शेरी चुरम, तमिळमध्ये कणवाय, उर्दू-हिंदीत दर्रा. या अंकाच्या इतर विभागांतल्या वाचकांकडे याहून कितीतरी अधिक शब्द असतील. प्रत्येक शब्दामागे कुणीतरी ओझं घेऊन ती जागा ओलांडलेली आहे. सायकलवाले सगळ्यांत शेवटी आले.

आणि फक्त मराठीत, निदान मला माहीत असलेल्या भाषांपैकी फक्त मराठीत आणि कोकणीत, या वाटेवरून माणसांना पडलेलं नाव शिवी झालं. घाटी. मुंबईत ऐकलेलं, गोव्यात 'घांटी' म्हणून ऐकलेलं. घाटावरून आलेला, म्हणजे अडाणी, म्हणजे हमाल.

माझी आई घाटी आहे. माहेर भोरच्या बाजूचं, सासर महाडजवळ. १९६४ मध्ये लग्न होऊन ती वरंधा घाटाने खाली आली. सासरच्या गल्लीत तिला पहिली काही वर्षं नाव नव्हतंच. "ती घाटावरची" एवढीच ओळख. तिच्या भाकरीला हसायचे, तिच्या 'न्हाई'ला हसायचे. माझ्या लहानपणी आजी रागावली की "घाटीच ती" म्हणायची आणि आई चुलीकडे तोंड फिरवायची. पुढे मी पुण्याला शिकायला आलो तेव्हा वसतिगृहात मला 'कोकण्या' म्हणायला लागले. एकाच घाटाच्या दोन टोकांना आम्ही दोघं परके.

म्हणून वरंधा माझ्या यादीत यावा असं मला फार वाटत होतं. आणि म्हणूनच तो मी सहज धरणार नव्हतो.

नोव्हेंबरात गेलो. पावसाळ्यात दरडींमुळे तो घाट बऱ्याचदा बंद असतो. भोर सोडल्यावर नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकडेने रस्ता जातो. बराच वेळ चढ असा जाणवत नाही, पाय मात्र हळूहळू जड होत जातात. मग जंगल दाट होतं आणि एका वळणावर एकदम पुढची जमीन नाहीशी होते. समोर नुसती खोल दरी आणि कोकणाची धुरकट निळाई. वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत आणि माकडं आहेत. एका टपरीवर मी सायकल टेकवली.

"सायकल मोडली का काका?" टपरीवाल्या मावशींनी विचारलं.

"नाही हो. चालवत आलो भोरहून."

"आनि गाडी न्हाई का तुमच्याकं?"

भजी खाता खाता मी विचारलं, "मावशी, या घाटाचा माथा नेमका कुठे?"

त्यांनी झाऱ्या कढईवर धरून माझ्याकडे पाहिलं. "माथा? ह्यो समदा घाटच हाय. हिकडनं खाली महाड, तिकडं भोर."

फ्रेंच शेजाऱ्यांनी मला एक युक्ती शिकवली होती. पाटी नसेल तिथे पाणी बघा. ज्या जागी सांडलेलं पाणी दोन्हीकडे जाऊ शकतं, ती खिंड. मी बाटली घेऊन रस्त्याने मागे-पुढे चालत राहिलो, थोडं थोडं पाणी डांबरावर ओतत. मावशींनी शेजारच्या टपरीवालीला बोलावून हे दाखवलं. एका ठिकाणी ओघळ भोरकडे वळला. तिथून दहा-बारा पावलं पुढे ओतलं तर महाडकडे. भोरकडचं पाणी नीरेत जातं, नीरा भीमेला, भीमा कृष्णेला मिळते आणि पाणी बंगालच्या उपसागराला पोचतं. महाडकडचं सावित्रीत जाऊन बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला. दहा-बारा पावलांत दोन समुद्र. मी त्या जागेवर सायकल उभी केली, वहीत वेळ लिहिली, आणि महाडकडे उतरलो. संध्याकाळी एस.टी.च्या टपावर सायकल बांधून परत आलो. टप चढाला मोजत नाहीत, काळजी नसावी.

आईला सांगितलं. ती आता आमच्याकडे पुण्यालाच असते.

"वर काय आहे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "तू तर इतक्या वेळा गेलीस तिथून."

"मी कुठे बघितलंय? मला गाडी लागायची. भोर सुटलं की लिंबू नाकाशी धरून डोळे मिटायचे ते बिरवाडी आल्यावर उघडायचे. येतानाही तसंच." मग जरा वेळाने, "आईकडे जाताना कमी लागायची."

मी तिला पाण्याचं सांगितलं. भोरकडचं पाणी कुठे जातं, महाडकडचं कुठे. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तिथे एक जागा अशी आहे की तिथे उभं राहिलं की इकडचंही नाही आणि तिकडचंही नाही." मी हो म्हटलं. "मग तिथे गाडी थांबवायला हवी होती कुणीतरी," असं म्हणून ती शेंगा सोलायला लागली.

उरलेल्या चार खिंडी लवकर झाल्या. खंबाटकी, कारण पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा रस्ता मी गेलो तेव्हा डोंगरावरून जात होता. उलट दिशेला बोगदा होता, त्यामुळे ही खिंड एकाच दिशेने मिळायची. पाबे, खडकवासल्याच्या बाजूने वेल्ह्याकडे उतरणारी. हिला कुणी घाट म्हणतं, कुणी खिंड, आणि सायकलने गेलात तर दोन्ही पटतं. मांढरदेवीच्या डोंगरावरून भोर-वाई रस्त्यावरची आंबाडखिंड, जिला लोक 'आंबाडखिंड घाट' म्हणतात. नथु ला पासवर हसलो होतो, त्याचं उत्तर मला इथे मिळालं. शंभरावी हिमाचलातली जलोडी जोत, तीन हजार एकशेवीस मीटर. बंजारकडून शेवटचे काही किलोमीटर इतके खडे आहेत की मी निम्मे चालत गेलो. माथ्यावर कालीचं देऊळ, घंटा आणि राजमा-भात. जलोडीला पाणी ओतून पाहायची गरज पडली नाही. तिथे दोन्ही खोरी उघड दिसतात.

मग एका रविवारी बसून अर्ज भरला. फ्रान्समधल्या खिंडींना क्रमांक आहेत. देश, जिल्हा आणि उंची यांवरून ते बनतात, त्यामुळे त्या पंच्याण्णव ओळी अर्ध्या तासात झाल्या. नावं टाइप करता करता कुठे पाऊस लागला होता, कुठे बाईंनी जर्दाळू काढून दिले होते, कुठे मी परत फिरायची भाषा केली होती, सगळं ओळीने आठवत गेलं. भारतातल्या पाच ओळींना दोन दिवस लागले. उंची नकाशाच्या समोच्च रेषांवरून काढली. वरंध्याच्या नावापुढे काय लिहायचं यावर अडलो. खिंड लिहावं? क्लबच्या हिशेबाने तेच बरोबर. पण त्या जागेला वरंधा खिंड कुणीही म्हणत नाही. ना मावशी, ना एस.टी.चा वाहक, ना आई. अर्जात नाव जसं प्रचलित आहे तसं द्यायचं असतं, म्हणून घाटच लिहिलं.

पाठवण्याआधी यादी ग्रनोब्लला शेजाऱ्यांना वाचायला धाडली. दोघांनी मिळून उत्तर लिहिलं होतं. अभिनंदन, आणि एक शंका. 'घाट' म्हणजे बनारसला नदीच्या पायऱ्या असतात तेच ना? मग नदीकाठी खिंड कशी? मी लिहिलं, शब्द तोच. नदीत उतरायची वाट तोही घाट आणि डोंगर उतरायची वाट तोही घाट. त्यांना हे फार आवडलं. आता त्यांचं जानेवारीत यायचं चाललं आहे, सायकली इथेच भाड्याने घेऊन. बाईंनी विचारलंय, कुठल्या बाजूने चढायचं. मी कळवलं, गुडघ्याचा विचार करता भोरकडून, महाडची बाजू खडी आहे. आणि माथ्यावर पाटी नाही तर फोटो कुठे काढायचा, हा गृहस्थांचा प्रश्न. त्यांना मी नकाशा काढून पाठवला आहे. भज्यांची टपरी, रस्त्याचं वळण, आणि मध्ये एक फुली.